पाकोळी आणि कोळसुंदा : एका रकान्याचं प्रकरण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटीच्या पुढं रस्ता झाडीत शिरतो, तिथल्या एका ग्रामपंचायतीतलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वटवाघळांच्या गुहेची वाट विचारत शनिवार-रविवारी मोटारसायकलींवरून येणाऱ्यांना आणखी एक खूण कशाला पुरवायची?

प्रकरण तसं एका रकान्याचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला आणि आपल्या हद्दीतल्या जीवांची नोंदवही लोकांकडून करून घ्यायला सांगितलं. बरीच वर्षं ते कुणी मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची भीती घातली आणि देशभर वह्या भराभर भरल्या गेल्या. आमचीही भरली गेली. वन्यप्राण्यांच्या पानावर वाघ, अस्वल, गवा, मोर, नाग. संपलं. २०२३ चा पावसाळा सरल्यावर समितीनं हे पान नव्यानं लिहायचं ठरवलं आणि मसुद्याचं काम माझ्याकडं आलं. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. म्हणजे गावाच्या हिशेबानं रिकामा.

मसुदा मराठीत, कारण गाव मराठीत बोलतं. पक्की वही कन्नडमध्ये, कारण कचेरी कन्नडमध्ये चालते. प्राण्याचं शास्त्रीय नाव लॅटिन. एका जनावराला तीन भाषांतून जायचं म्हटल्यावर वाटेत काहीतरी गळणारच, आणि ते गळालंच.

बैठक मारुतीच्या देवळात झाली. वहीबरोबर आणखी एक विषय होता : गावाच्या वेशीवर एक फलक लावायचा आणि त्यावर ‘आमच्या गावचा दुर्मीळ जीव’ म्हणून एका प्राण्याचं चित्र काढायचं. पैसे एकाच चित्रापुरते होते. घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या दोन-तीन पोरांना कोळसुंदा हवा होता. बाहेर त्याला ढोल म्हणतात, पुस्तकात रानकुत्रा म्हणतात, पाहुणे त्याच्यासाठी येतात. वनरक्षक गदगकडचा, तो मोडक्या मराठीत म्हणाला, वटवाघूळ लावा, ते साऱ्या दुनियेला आपल्यामुळं ठाऊक झालं. मी त्याला दुजोरा दिला. अशा लहान वटवाघळाला आमच्याकडं पाकोळी म्हणतात. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. दसऱ्याआधी त्यांचं आठ महिन्यांचं वासरू कोळसुंद्यांनी ओढ्याकाठी पाडलं होतं.

“माझं वासरू फाडून खाल्ल्यात ओ त्यांनी, आणि त्यांचंच चित्र गावाच्या तोंडाला लावूलाल्यात तुम्ही?” आणि मग माझ्याकडं वळून, “सर, तुमची ती पाकोळी तरी काय करते? कुणी बघितलंय काय तिला?”

कुणी बघितलं नव्हतं. मी बघितलं असेल कदाचित. ते पुढं सांगतो. सरपंचांनी बैठक आवरती घेतली आणि मला म्हणाले, दोघांत जास्त दुर्मीळ कोण ते शोधून काढा सर, तेच लावू. मलाही तो प्रश्न तेव्हा सरळ वाटला.

एकाच जीवाच्या दोन पाट्या

आधी पाकोळी. खरं तर हिला आमच्याकडं स्वतःचं नावच नाही. मोठं, फळं खाणारं ते वटवाघूळ. संध्याकाळी दिव्याभोवती गिरक्या घेणारी लहान ती पाकोळी. सगळ्या लहान जाती याच एका शब्दात कोंबलेल्या. शास्त्रातलं नाव ओटोमॉप्स रॉटनी. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९११ पासून सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी चालवली, तिच्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत हा प्राणी सापडला आणि १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन छापलं. नाव दिलं रॉटन साहेबांचं, जे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त होऊन त्या पाहणीच्या कामाला लागले होते. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १९५६ मध्ये राज्यं बदलली, पण शास्त्राच्या कागदावर त्या जीवाचा मूळ पत्ता आजही ‘बारापेडे गुहा, तळेवाडी’ असाच आहे. तळेवाडीच्या कुटुंबांना २०२५ मध्ये जंगलाबाहेर जाण्यासाठी भरपाईचे धनादेश मिळाले. गाव उठलं तरी पत्ता तोच राहणार.

दिसायला ही पाकोळी देखणी आहे. काळपट चॉकलेटी अंग, मानेवर राखाडी पट्टा, आणि कान एवढे मोठे की कपाळावर एकमेकांना जोडलेले, जणू पुढं वाकवलेली टोपी. शेपटीचं टोक पडद्याच्या बाहेर मोकळं सुटलेलं. उंचावरून, वेगानं उडणारी जात, किडे खाते. तिचा आवाज वटवाघळांच्या मानानं इतक्या खालच्या पट्टीतला असतो की तल्लख, तरण्या कानाला त्यातला थोडा ऐकूही येऊ शकतो. माझ्या कानाचं वय निघून गेलं.

बरीच दशकं जगात ही जात फक्त बारापेडेत आहे असंच मानलं जात होतं. एक गुहा, आणि तीत काही डझन जीव. आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संघटना जी लाल यादी काढते, तिच्यात म्हणूनच तिला ‘अतिसंकटग्रस्त’ ही पाटी होती. त्यापुढची पायरी रानातून नामशेष होण्याची. मग कंबोडियात एक नमुना मिळाला, मेघालयाच्या गुहांत वसाहती सापडल्या. बारापेडेपासून मेघालय सुमारे २,००० किलोमीटर. २००८ च्या यादीत पाटी बदलली : ‘माहिती अपुरी’.

इथं थांबलं पाहिजे, कारण आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दानं केला. ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘माहिती अपुरी’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, संकट टळलं. एक पोरगा बोललाच, “म्हणजे आता ठीक हाय की सर.” ठीक काहीच झालेलं नव्हतं. बारापेडेतली एकही पाकोळी त्या बदलानं जास्त सुरक्षित झाली नाही. बदललं ते एवढंच की पूर्वी ‘जगात एकच ठिकाण’ असं खात्रीनं म्हणता यायचं आणि आता कुठं कुठं, किती, हे सांगता येत नाही. लाल यादीचे निकष आकड्यांवर चालतात : संख्या किती घटली, क्षेत्र किती उरलं, प्रौढ जीव किती. त्यातलं काहीच मांडता येत नसेल तर जातीला ही पाटी लावतात. ती धोक्याची पायरी नाही आणि सुरक्षिततेचीही नाही. नाडी लागत नाही म्हणून वैद्यानं कागदावर काहीच लिहिलं नाही, तर रोगी बरा झाला असं कुणी म्हणत नाही.

आणि आता कायदा बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हीच पाकोळी पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. तो मान मिळालेल्या वटवाघळांच्या जाती फार काळ दोनच होत्या, ही आणि दक्षिणेकडचं सलीम अली यांच्या नावाचं फलाहारी वटवाघूळ. त्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-घुशींबरोबर इतर फलाहारी वटवाघळं ‘उपद्रवी’ म्हणून बसवलेली होती. ती अनुसूची १ एप्रिल २०२३ ला लागू झालेल्या २०२२ च्या दुरुस्तीनं गेली. म्हणजे एकाच कायद्यात एक वटवाघूळ राजा आणि बाकीची घूस. पहिल्या अनुसूचीतल्या जीवाची शिकार म्हणजे किमान ३ वर्षं कैद आणि दुरुस्तीनंतर किमान २५ हजार दंड. तर अशी ही पाकोळी : जग म्हणतं माहिती नाही, देश म्हणतो वाघाइतकी मोलाची, आणि गाव म्हणतं कोण ही?

ज्याला सगळे ओळखतात

कोळसुंद्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला नावांचा तोटा नाही. मराठीत कोळसुंदा, कोळसिंदा, रानकुत्रा. कन्नडमध्ये सीळुनायी, फाडणारा कुत्रा. त्याच्याबद्दलच्या कथाही तितक्याच. तो झुडपांवर मुतून ठेवतो आणि ते मूत डोळ्यांत गेलं की सांबर आंधळं होतं, ही कथा मला तीन वेगवेगळ्या घरांत तीन वेगवेगळ्या शपथांवर ऐकायला मिळाली. वस्तुस्थिती साधी आणि तेवढीच थरारक आहे : तो भुंकत नाही, शीळ घालतो. दाट झाडीत विखुरलेला कळप त्या शिळेवर पुन्हा एकत्र येतो. शिकार सकाळी आणि तिन्हीसांजेला, म्हणजे गुरं येण्या-जाण्याच्या वेळेला. गळा आवळून मारायची वाघासारखी पद्धत त्याच्याकडं नाही. जनावर उभं असतानाच खायला लागतात. ज्यानं ते एकदा पाहिलं त्याला या प्राण्याबद्दल माया वाटणं अवघड, हे मी कबूल करतो. माणसावर मात्र तो जात नाही.

ब्रिटिश काळापासून त्याच्या डोक्यावर इनाम होतं. कातडं दाखवा, पैसे घ्या. ते १९७२ चा कायदा येईपर्यंत चाललं. कायद्यानंही त्याला दुसऱ्या अनुसूचीत ठेवलं. पहिल्या अनुसूचीत तो आला तो २०२२ च्या त्याच दुरुस्तीनं. आणि लाल यादीत? २००४ पासून ‘संकटग्रस्त’. २०१५ च्या मूल्यांकनात जगभरात प्रौढ, पिल्लं घालू शकणारे जीव धरले आहेत ९४९ ते २,२१५. वाघांची संख्या पेपरात झळकते, ही झळकत नाही. रशिया, कोरियापर्यंत पसरलेला हा प्राणी तिकडून जवळपास पुसला गेला आहे.

पोरांना हा आकडा पटेना. “सर, गेल्या महिन्यात मी एकाच वेळी नऊ बघितले.” बघितले असतील. पण कळपात नऊ-दहा असले तरी पिल्लं सहसा एकाच मादीला होतात. बाकीचे तिला आणि पिल्लांना पोटातलं मांस ओकून भरवतात, पिल्लांची राखण करतात. म्हणजे नऊ दिसले तर पुढची पिढी वाढवणारं घर एकच. शिवाय तो दिवसा हिंडतो, उघड्यावर येतो, गटानं येतो, म्हणून एकच कळप चार गावांना चारदा दिसतो आणि चार कळप वाटतात. पाकोळी रात्री, उंचावर, एकटी; म्हणून ती शेकड्यांनी असली तरी शून्य वाटेल. ‘दुर्मीळ’ हा शब्द आपण डोळ्यांनी मोजतो. यादी तसं मोजत नाही, आणि तिनं तसं मोजूही नये.

समितीतल्या एका आजोबांना मी घरी जाऊन भेटलो. ऐंशीच्या पुढचे. ते हसत म्हणाले, “पूर्वी कोळसुंद्यांनी सांबर पाडलं की आम्ही काठ्या घेऊन पळायचो. त्यांना हाकलायचं, मांडी तोडून आणायची. थोडं त्यांना सोडायचं. ते पण लेकराबाळांचेच की.” हा आता गुन्हा आहे, हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून आवाज खाली आणला. मग थोडं थांबून म्हणाले, “आता सांबरच कुठं हाय तेवढं?”

सगळ्या प्रकरणातली मला मिळालेली सगळ्यात कामाची माहिती ती. सांबर, भेकर कमी झालं की कोळसुंदा ओढ्याकाठच्या वासराकडं बघतो. बाईंचं वासरू कोळसुंदे वाढले म्हणून गेलं नव्हतं. त्यांचं ताट रिकामं झालं म्हणून गेलं असण्याची शक्यता जास्त.

प्रश्नच चुकला होता

दोघांची माहिती मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली. लाल यादीप्रमाणं बघितलं तर कोळसुंदा वर. दुरुस्तीआधीच्या कायद्याप्रमाणं बघितलं तर पाकोळी वर. आजच्या कायद्याप्रमाणं दोघे सारखे. गावाच्या नजरेनं बघितलं तर एक नुकसान करतो आणि दुसरी नाहीच. सरपंचांना द्यायला उत्तर काही निघेना. दोन दिवस तो कागद उशाला होता.

मग ध्यानात आलं की प्रत्येक पाटी वेगळंच काही मोजते. लाल यादी जगाच्या पातळीवर, हाती असलेल्या माहितीवर, जात संपण्याची शक्यता मोजते. अनुसूची मोजतच नाही. ती शिक्षा ठरवते, आणि तिच्यात कोण कधी शिरलं यात अभ्यासाइतकाच काळाचा, मागणीचा, कधी निव्वळ योगायोगाचा भाग असतो. आमच्या वहीला यातलं कुठलंच पुरेसं नाही. वहीनं विचारायला हवं ते हे : इथं, या पंचायतीच्या हद्दीत आणि तिच्या शेजारी, या जीवाला काय संपवू शकेल?

हा प्रश्न विचारला की दोघांची उत्तरं इतकी वेगळी येतात की तुलना आपोआप गळून पडते.

पाकोळीला संपवायला एक संध्याकाळ पुरते. अशी वटवाघळं गुहेच्या छतातल्या पोकळ्यांत दाटीनं बसतात, मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. धूर, पलिते, मोठे दिवे, आरडाओरडा; पिल्लांच्या दिवसांत एकदा जरी वसाहत उठली तरी आया पिल्लं सोडून जाऊ शकतात. इथं मला माझी कबुली द्यायची आहे. १९८६ च्या उन्हाळ्यात आम्ही चार तरुण शिक्षक भीमगडच्या बाजूला हिंडायला गेलो होतो. शिवकाळातला किल्ला बघायचा आणि वाटेत गुहाही. टॉर्चचे सेल संपले म्हणून सुक्या काटक्यांना चिंध्या बांधून पलिते केले आणि आत गेलो. छतातून काहीतरी फडफडत खाली आलं, एकाच्या टोपीवर आदळलं, आणि आम्ही मोठमोठ्यानं हसलो. ती कुठली जात होती मला सांगता येणार नाही. ती गुहा कुठली, हेही आज खात्रीनं सांगता येत नाही. पण बैठकीत मी ‘पाकोळी लावा’ म्हणालो ते काही शुद्ध विज्ञानापोटी नव्हतं.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं. आता परवानगीशिवाय तिकडं जाता येत नाही, आणि पाकोळीपुरता तो बंदोबस्त, नीट पाळला तर, बराचसा पुरा आहे. तिला मोठं जंगल राखून हवंय ते किड्यांसाठी; पण जीव अडकलाय तो एका भोकात. म्हणून तिचं चित्र फलकावर लावणं हा तिच्यावर उपकार नव्हताच. ‘जगप्रसिद्ध वटवाघळाचं गाव’ असा फलक लागला की पुढचा प्रश्न ठरलेला : “गुहा कुठंय ओ?” वनरक्षकाला हे सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि कन्नडमधूनच ‘हौदु, हौदु’ (हो, हो) म्हणाला.

कोळसुंद्याचं याच्या उलट. त्याला कुणी एका संध्याकाळी संपवू शकत नाही, पण १९० चौरस किलोमीटरही त्याला पुरत नाहीत. आमच्याकडून दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, वायव्येला महाराष्ट्रातलं तिळारी. तीन राज्यांचं जंगल सलग आहे म्हणून तो आहे. सीमाप्रश्न आम्हाला आहे, त्याला नाही. पण मधले रस्ते, खाणी, कालवे त्याला आहेत. म्हादईच्या पाण्याबद्दल २०१८ च्या लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं आणि कळसा-भांडुरा नाल्यांवरून पाणी वळवण्याचा वाद तरीही चालूच राहिला. त्या वादात माणसं, ऊस आणि प्यायचं पाणी बोलतं, ओढ्याकाठचं सांबर बोलत नाही. तो विषय मोठा आहे आणि पंचायतीच्या वहीत मावणारा नाही, म्हणून सोडतो.

पंचायतीला जमेल असं त्याच्याबाबतीत काय होतं? मला वाटलं होतं, काहीच नाही. मग एका पशुवैद्य मित्राशी बोलताना त्यानं विचारलं, “तुमच्या गावात मोकाट कुत्री किती?” रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो; गावकुत्र्याचे हे रोग रानकुत्र्यालाही लागतात. गुरांमागं कुत्रं जंगलात जातं, मेलेल्या जनावरावर दोघंही तोंड घालतात, आणि एकमेकांच्या तोंडातलं खाणाऱ्या कळपात एकाला लागलेला रोग साऱ्यांना लागायला वेळ लागत नाही. म्हणजे जगातल्या या संकटग्रस्त प्राण्यासाठी आमच्या पंचायतीला करण्यासारखं जे होतं ते जंगलात नव्हतंच. ते चावडीसमोर झोपलेलं होतं.

काय ठरलं, काय झालं

दुसरी बैठक लांबली. फलकावर शेवटी ना पाकोळी आली ना कोळसुंदा. सरपंचांनी खुबीनं सांबराचं चित्र काढायला लावलं. पोरं नाराज झाली, बाई म्हणाल्या, “ते तरी गवत खाऊन असतंय.” मला ही निवड आजही आवडते, जरी ती कुठल्याच यादीनं सुचवलेली नाही. सांबर लाल यादीत ‘असुरक्षित’ या खालच्या पायरीवर आहे. पण आमच्या हद्दीत कोळसुंद्याचं भवितव्य त्याच्यावरच टांगलेलं आहे.

वहीत दोन्ही जीव आले. ‘स्थिती’च्या रकान्यात एक शब्द न लिहिता मी प्रत्येकी तीन वाक्यं लिहिली : जगात काय म्हणतात, कायदा काय म्हणतो, इथं कशानं जाईल. गुहेचा ठावठिकाणा लिहिला नाही, ‘वनखात्याकडं नोंद’ एवढंच. पाकोळीच्या ‘स्थानिक नाव’ रकान्यात ‘पाकोळी (सर्वसाधारण)’ लिहिलं. सातवीतल्या एका मुलीनं चित्र बघून ‘टोपीवाली’ म्हटलं होतं, आणि मोह झाला होता तेच लिहायचा. पण वही लोक काय म्हणतात ते टिपायला असते, आपण काय म्हणायला लावू ते नव्हे. गाळलं.

मराठी मसुदा कन्नडमध्ये जाताना तीन वाक्यांचे परत एक-दोन शब्द झाले. कुणा कचेरीचं नाव घेत नाही. तिथल्या माणसाचाही दोष कमीच, छापील रकाना बोटभर रुंदीचा होता. आज पक्क्या वहीत पाकोळीपुढं ‘माहिती अपुरी’ आणि कोळसुंद्यापुढं ‘संकटग्रस्त’ असं आहे. जो कुणी ती वही दहा वर्षांनी उघडेल, त्याला वाटेल पाकोळीचं काही खास नव्हतं. मराठी प्रत मी पंचायतीच्या कपाटात वेगळी ठेवली आहे, वर जाड अक्षरात ‘मूळ’ लिहून.

वासराच्या भरपाईचं काम वेगळंच निघालं. अर्ज कन्नडमध्ये, पंचनामा लगेच व्हायला हवा, पशुवैद्याचा दाखला हवा, आणि बाईंनी दुसऱ्याच दिवशी उरलेलं पुरून टाकलं होतं. पुरावाच नाही. तो दावा गेला तो गेलाच. त्यातून एवढं झालं की अर्ज कसा करायचा, फोटो कधी काढायचा, जनावर कशाला हलवायचं नाही, हे एका पानावर मराठीत लिहून आम्ही दूध संकलनाच्या ठिकाणी चिकटवलं. आणि वासरं एकटी ओढ्याकडं सोडायची नाहीत, निदान सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि संध्याकाळी, हेही. अशा साध्या गोष्टीला ‘उपाय’ म्हणायला मला संकोच वाटतो, पण त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या वाडीतलं वासरू गेलं नाही. शेजारच्या वाडीतलं एक गेलं.

कुत्र्यांची लस अर्धीच जमली. रेबीजची फुकट मिळाली. एका रविवारी निम्म्याहून जास्त कुत्री टोचून झाली, उरलेली पळाली. डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस विकत आणावी लागते आणि पिल्लांना तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. कोळसुंद्यांची पिल्लं आमच्याकडं हिवाळ्यात होतात, म्हणून ती त्याआधी टोचायची असं ठरलं आणि वर्गणी काढली. समितीतल्या पोरांनी घरटी वीस रुपये मागितले. काहींनी दिले, काहींनी “कोळसुंद्याला औषध कशाला?” म्हणून हसून पाठवलं, आणि खरं सांगायचं तर पाच मिनिटांत समजावता येण्यासारखं ते नव्हतंही.

वासरूवाल्या बाईंच्या दारात मी स्वतः गेलो नाही. धीर झाला नाही. त्याच संध्याकाळी आल्या आणि पन्नासची नोट ओट्यावर ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “रानातल्यांसाठी न्हवं हं सर. आमच्या राजाला टोचा आधी.” राजा म्हणजे त्यांचं तांबडं गावठी कुत्रं, रोज गुरांमागं ओढ्यापर्यंत जातं. त्याचं नाव यादीत पहिलं लिहिलं.